ड्रमस्टिक: तयार घ्यायची की करवून घ्यायची?

ड्रम वाजवणाऱ्याच्या हातात वाद्य कधी येतच नाही, येते ती स्टिक. तरीही ड्रमसेट आणि सिंबल घेताना महिनोन्महिने चौकशी करणारी माणसं स्टिक मात्र दुकानदार देईल ती उचलतात. पुढे मनगट दुखायला लागलं किंवा मनासारखा आवाज निघेना, की थेट ‘आपल्या मापाच्या करवून घेऊ’ या विचारावर येतात. मधली पायरी राहूनच जाते. तयार स्टिकची मापं वाचायची, दोन-चार प्रकार वाजवून बघायचे आणि आपल्याला नेमकं काय हवंय ते आकड्यांत सांगता यायचं, ही ती पायरी. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकायला हरकत नाही: बहुतेकांसाठी तयार स्टिकच योग्य. आणि त्याचं मुख्य कारण पैसा नसून जोडी आहे.

५ए म्हणजे नेमकं किती?

स्टिकवरचा आकडा जितका लहान, तितकी ती सर्वसाधारणपणे जाड. अक्षरं अमेरिकेतल्या जुन्या वापरातून आली: ए वाद्यवृंदासाठी, बी बँडसाठी, एस रस्त्यावरच्या संचलनासाठी. आज त्या वाटण्या कुणी पाळत नाही. ५ए सगळीकडे चालते, हलक्या हाताला ७ए, जोरकस वाजवणाऱ्याला ५बी किंवा २बी.

विक फर्थ कंपनीची अमेरिकन क्लासिक मालिका घ्या. तिच्यात ७ए साडेपंधरा इंच लांब आणि ०.५४० इंच जाड आहे. ५ए सोळा इंच लांब, ०.५६५ इंच जाड. ५बीची लांबी तीच, जाडी ०.५९५ इंच. म्हणजे ५ए आणि ५बी यांच्यात फरक जेमतेम पाऊण मिलिमीटरचा. पण वजन जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, त्यामुळे त्या पाऊण मिलिमीटरपायी ५बीमध्ये सुमारे ११ टक्के लाकूड जास्त भरतं. दुकानात दोन मिनिटं वाजवून ते कळणार नाही, दोन तासांच्या कार्यक्रमात मनगटाला नक्की कळेल.

आणखी एक गोष्ट फार कमी जण तपासतात. नाव सारखं असलं तरी माप कंपनीगणिक बदलतं. प्रोमार्कची क्लासिक ५ए ०.५५१ इंच आहे, विक फर्थची ०.५६५, तर व्हेटरची लॉस एंजेलिस ५ए ०.५७०. ‘मला ५ए जमत नाही’ असं म्हणणाऱ्याने आधी दुसऱ्या कंपनीची ५ए हातात घेऊन पाहावी.

जाडीपेक्षाही पुढच्या बाजूचा उतार जास्त फरक करतो. उतार आखूड असेल तर पुढे लाकूड जास्त राहतं, घाव जड पडतो. उतार लांब असेल तर वजन मागे सरकतं आणि स्टिक चटकन उसळते. प्रोमार्क तर एकाच जाडीची स्टिक ‘फॉरवर्ड’ आणि ‘रिबाउंड’ अशा दोन तोलांत विकते. टोकाचं म्हणाल, तर लाकडी टोकाचा आवाज सिंबलवर मऊ येतो आणि नायलॉनच्या टोकाचा लख्ख. जो कलाटो यांनी १९५८ साली नायलॉनचं टोक आणलं ते लाकडी टोक झिजतं आणि त्याचे तुकडे पडतात म्हणून. फ्लॅटमध्ये इलेक्ट्रॉनिक ड्रम वाजवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. कपचा उडालेलं लाकडी टोक जाळीचं पॅड खराब करतं.

लाकूड कोणतं?

बाजारातल्या बहुतांश स्टिक हिकरीच्या असतात. अमेरिकेत कुऱ्हाडीचे आणि हातोड्याचे दांडे याच लाकडाचे करतात, कारण ते हादरा सोसतं. मेपल त्याहून साधारण दहा-बारा टक्क्यांनी हलकं. तेवढ्याच वजनात जाड स्टिक हवी असेल तर ते बरं, पण जोरात वाजवणाऱ्याकडे ते टिकत नाही. जपानी ओक हिकरीपेक्षा जड आणि टिकाऊ. रश या बँडचे नील पर्ट प्रोमार्कच्या जपानी ओकच्या ७४७ स्टिक वाजवत. मेटॅलिकाचे लार्स अलरिक तर लाकूडच सोडून अहेड कंपनीच्या ॲल्युमिनियमच्या गाभ्याच्या स्टिक वापरतात.

आपल्याकडे स्टिक करवून घ्यायची तर हिकरी सहजी मिळत नाही. सागवान बहुतेक ठिकाणी सुचवलं जातं, कारण ते हाताशी असतं. पण सागाची ख्याती न वाकण्याची आणि कीड न लागण्याची, मार खाण्याची नव्हे. बैलगाडीची चाकं आणि अवजारांचे दांडे ज्या बाभळीचे करत आले, ती या कामाला जास्त जवळची. शिसवही चालू शकतं. मात्र लाकूड पुरेसं मुरलेलं आणि वाळलेलं हवं. ओलं लाकूड कातलं तर पहिल्याच पावसाळ्यात स्टिकला बाक येतो.

खरा प्रश्न जोडीचा

ढोल-ताशा पथकात ढोल वाजवणाऱ्याचं टिपरू ओळखीच्या सुताराने करून दिलेलं असलं तरी काही अडत नाही. एका हातात टिपरू असतं, दुसऱ्या हाताची थाप पडते. त्या टिपऱ्याला स्वतःशीच जुळायचं असतं. ड्रमवर तसं नाही. डावा आणि उजवा हात एकाच स्नेअरवर आळीपाळीने पडतात, आणि ऐकणाऱ्याला कोणता घाव कोणत्या हाताचा ते कळता कामा नये. एक स्टिक चार ग्रॅमने जड असेल, तर तो हात आपोआप जोरात पडतो. विद्यार्थी मग आपला डावा हात कच्चा आहे असं समजून महिनोन्महिने त्यावर मेहनत घेत राहतो.

वजनाइतकाच सूरही महत्त्वाचा. लाकडाची घनता एकाच फळीतसुद्धा जागोजागी बदलते, म्हणून एका मापाच्या दोन स्टिकना टिचकी मारली तर दोन वेगळे सूर निघू शकतात. हळू वाजवताना, विशेषतः सिंबलवर, हा फरक स्पष्ट ऐकू येतो.

इथे विक फर्थ यांची गोष्ट सांगायलाच हवी. बॉस्टन सिंफनी वाद्यवृंदात ते टिंपनी वाजवत. तिथल्या कामाला बाजारातल्या स्टिक पुरेशा वाटेनात, तेव्हा त्यांनी जाड स्टिक स्वतः तासून हवा तसा आकार काढला आणि तो नमुना कॅनडातल्या माँट्रियल इथल्या एका लाकूड कातणाऱ्याकडे पाठवला. १९६३ साली त्यातून कंपनी उभी राहिली. आज जगभरच्या दुकानांत तयार मिळणाऱ्या स्टिकचा हा मोठा कारखानदार सुरुवातीला करवून घेणाराच होता. पण एकदा त्यांच्या हातून स्टिक जमिनीवर पडल्या आणि दोन्हींचा आवाज वेगळा आला. तेव्हापासून त्यांनी स्टिक वजन आणि सूर तपासून जोडीने विकायला घेतल्या. मोठ्या कंपन्यांची खरी ताकद इथे आहे. हजारो स्टिक एकाच मापाच्या निघतात, म्हणून त्यातून एकमेकींशी जुळणाऱ्या दोन निवडता येतात. सहा स्टिक कातून देणाऱ्या कारागिराकडे, तो कितीही कुशल असला तरी, निवडायला तेवढा साठा नसतो.

हिशेबच पाहा. ५एची एक हिकरी स्टिक साधारण ५० ते ६० ग्रॅमची असते. कातताना जाडीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला, तर वजनात सुमारे सात टक्क्यांचा, म्हणजे जवळपास चार ग्रॅमचा फरक पडतो. आणि एरवी खुर्चीचे पाय कातणाऱ्या कारागिराला अर्धा मिलिमीटर मोजायची सवय नसते.

‘करवून घेतलेली’चे तीन अर्थ

नाव छापून घेतलेली स्टिक ही तयारच स्टिक असते. बँडचं नाव किंवा क्लासचा शिक्का हवा असेल तर जरूर छापून घ्यावा. कंपन्या त्यासाठी ठरावीक संख्येची अट घालतात, वाजवण्यात मात्र काही बदलत नाही.

दुसरा प्रकार कलाकारांच्या नावाच्या मालिकांचा. एका वादकाने स्वतःसाठी ठरवलेलं माप मग सगळ्यांसाठी बाजारात येतं. स्टीव्ह गॅड यांची काळी स्टिक पावणेसोळा इंच लांब, ०.५५० इंच जाड आणि पिंपासारख्या टोकाची आहे. आखूड, बारीक आणि तरीही सिंबलवर स्पष्ट बोलणारी स्टिक ज्याला हवी आहे, त्याचं काम कुणीतरी आधीच करून ठेवलंय. करवून घेण्याआधी या मालिका नीट चाळाव्यात. तुमच्या मनातलं माप त्यात सापडण्याची शक्यता बरीच मोठी आहे.

तिसरा अर्थ खरा: तुमच्या नमुन्यावरून नव्याने कातलेली स्टिक. सांधेदुखीमुळे मूठ पूर्ण मिटत नसेल, बोटाला इजा झाली असेल, हात फार मोठा असेल किंवा एखाद्या प्रयोगाला विशिष्ट आवाजच हवा असेल, तर हा मार्ग सार्थ आहे. तिथे खर्चाकडे आणि वेळेकडे बघू नये. वाजवणं चालू राहणं सगळ्यात मोठं.

घरी करता येण्यासारखं

‘स्टिक घामाने निसटते’ ही मुंबई-कोकणातली नेहमीची तक्रार. यासाठी नवी स्टिक कातायची गरज नाही. पकडीच्या जागेवरचं लॅकर बारीक पॉलिश पेपरने उतरवलं तरी हाताला लाकूड धरू लागतं. बॅडमिंटनच्या रॅकेटला गुंडाळतात तसली ग्रिप टेपही चालते, तिने पकड जाडही होते. सांधे दुखणाऱ्यांनी आधी हेच करून पाहावं. मात्र टेप दोन्ही स्टिकना मोजून सारखीच लावायची, नाहीतर जुळलेली जोडी आपणच मोडतो.

दुकानात काय बघाल?

काउंटरच्या काचेवर स्टिक घरंगळवा. सरळ असेल तर शांतपणे लोळते, बाक असेल तर मध्येच उड्या मारते. मग लाकडाच्या रेषा पाहा. त्या टोकापासून मागेपर्यंत लांबीने गेलेल्या हव्यात, तिरक्या बाहेर निघालेल्या असतील तर स्टिक तिथेच तुटते. दोन्ही स्टिक सैल धरून एकेक काउंटरवर हलकेच मारा आणि कान द्या. पाकिटावर जुळवलेली जोडी असं लिहिलेलं असलं तरी हे करावं, विशेषतः स्वस्त मालाच्या बाबतीत. मुलासाठी घेत असाल तर ७ए किंवा लहानांसाठीच बनवलेली स्टिक घ्या. ‘मोठा झाल्यावरही चालेल’ म्हणून २बी घेऊन देऊ नका, त्याचं मनगट आज वाढतंय.

शेवटी स्टिक ही झिजणारी वस्तू आहे. रिमशॉट मारणाऱ्याच्या स्टिकचा खांदा कुरतडला जातो आणि एक दिवस ती कार्यक्रमाच्या मध्येच तुटते. त्या वेळी पिशवीत तशीच दुसरी जोडी हवी, आणि ती दुसऱ्या दिवशी दुकानात मिळायला हवी.

कातारीकडे जायचंच असेल तर

सावंतवाडीसारख्या ठिकाणी लाकूड कातण्याची जुनी परंपरा आहे आणि लेथवर सफाईदार काम करणारे कारागीर अनेक शहरांत आहेत. त्यांच्याकडे ‘ड्रमची काठी करून द्या’ एवढंच सांगत जाऊ नका. तुम्हाला सगळ्यात जवळची वाटणारी तयार स्टिक नमुना म्हणून द्या. लांबी, मधली जाडी, उताराची सुरुवात आणि मानेची जाडी व्हर्नियरने मोजून मिलिमीटरमध्ये लिहून द्या. एकाच लाकडाच्या किमान आठ स्टिक करायला सांगा आणि पैसे देण्याआधी त्या सोनाराच्या किंवा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला. आठातून एकमेकींच्या एक-दीड ग्रॅमच्या आत असलेल्या दोन जोड्या निघाल्या तर काम उत्तम झालं असं समजा आणि त्या कारागिराचा नंबर जपून ठेवा. नाही निघाल्या, तर त्या स्टिक सरावाच्या पॅडवर वापरा आणि कार्यक्रमाला तयार जोडी घेऊन जा.