शेवटचा अधिकार मदरबोर्डवर

सर्व्हरची जवळपास सगळी देखभाल आता दुरून होते. तरी एचपीईच्या प्रोलायंट सर्व्हरचं झाकण काढलं, की मदरबोर्डवर इवल्याशा डिप स्विचांची एक ओळ दिसते. ती जुन्या काळातून चुकून राहिलेली नाही.

1981च्या आयबीएम पीसीत आठ-आठ स्विचांचे दोन संच होते. फ्लॉपी ड्राइव्ह किती, मेमरी किती, पडदा कोणता, हे मशीनला त्यांच्यावरून कळे. 1984च्या एटी मॉडेलपासून ही माहिती बॅटरीवर टिकणाऱ्या मेमरीत गेली आणि स्विचांचं ते काम संपत आलं. उरलं ते अधिकाराचं काम. पासवर्डच हरवला, तर मशीनने कुणाचं ऐकायचं? जो प्रत्यक्ष समोर उभा आहे, त्याचं.

प्रोलायंटच्या त्या ओळीतला एस-1 हा स्विच ऑन केला, की आयएलओची सुरक्षा बाजूला होते. आयएलओ म्हणजे दुरून देखभाल करण्यासाठी बसवलेली स्वतंत्र चिप. सर्व्हर बंद असला तरी पॉवरची वायर जोडलेली असेपर्यंत ती जागी असते. नोकरी सोडून गेलेल्या माणसाबरोबर तिचा पासवर्डही गेला, तर एस-1 हा एक मार्ग. पण हे दार उघडलं, की ते नेटवर्कवरून येणाऱ्यालाही उघडं सापडू शकतं. म्हणून आयएलओची केबल आधी मुख्य नेटवर्कमधून काढावी, लॅपटॉप थेट जोडून नवा पासवर्ड ठेवावा आणि त्याच बैठकीत एस-1 ऑफ करावा. हे काम उद्यावर ढकलणं मला अक्षम्य वाटतं. रॅकची चावी कुणाकडे असते, हेही पासवर्डच्या धोरणात लिहिलेलं असावं, ते याचसाठी.

एस-5 सर्व्हर सुरू होताना विचारला जाणारा पासवर्ड बंद करतो, काही मॉडेलांत एस-2 कॉन्फिगरेशनला कुलूप लावतो. मॅन्युअलमध्ये 'राखीव' म्हटलेल्यांना हात लावू नये.

एस-6 मात्र जपून. तो ऑन असला, की साठवलेलं कॉन्फिगरेशन अवैध धरलं जातं आणि मूळच्या सेटिंग्ज परत येतात. तो हलवण्याआधी नुसतं बटण दाबून सर्व्हर बंद करणं पुरत नाही, बोर्डात थोडी वीज राहतेच; पॉवरच्या सगळ्या वायरी काढाव्या लागतात. स्विच ऑन करून सर्व्हर एकदा सुरू करायचा, पुन्हा बंद करून वायरी काढायच्या आणि स्विच परत ऑफ. त्याआधी बायोस सेटिंग्जच्या प्रत्येक पानाचा फोटो हवाच. लेगसी म्हणजे जुन्या बूट पद्धतीने बसवलेली ऑपरेटिंग सिस्टिम असेल आणि बूट मोड मूळच्या यूईएफआयवर गेला, तर डिस्क धडधाकट असूनही सर्व्हर सुरू होत नाही आणि शोध भलत्याच ठिकाणी चालू राहतो.