निवृत्तिवेतनाचा भार कोणावर?

नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणीच्या डोंगराळ मुलखात काम करणारे दोन वनरक्षक उदाहरणादाखल घेऊ. एकाची नेमणूक २००० मधील, दुसऱ्याची २०१० मधील. रान तेच, गस्तही तीच. परंतु १ नोव्हेंबर २००५ या दिनांकाने त्यांच्या वार्धक्याचे हिशेब वेगळे केले.

पहिल्यास १९८२ च्या नियमांनुसार पूर्ण सेवेअंती अखेरच्या वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन, त्यावर महागाईवाढ आणि पश्चात पत्नीस कुटुंब निवृत्तिवेतन मिळावयाचे. त्यासाठी सेवाकाळात स्वतंत्र निधी साठविला जात नाही. खर्च त्या त्या वर्षीच्या महसुलातून भागवावा लागतो. नेमणूक एका पिढीत होते, देणे पुढील पिढीच्या करदात्याकडे जाते. दुसऱ्याच्या वेतनातून दरमहा १० टक्के कपात होते आणि शासन आता १४ टक्के अंशदान देते. येथे खर्च लगेच डोळ्यांसमोर येतो. मात्र बाजारातील चढउतारांची जोखीम कर्मचाऱ्याच्या माथी बसते. मार्च २०२३ मधील राज्यव्यापी संपाचे मूळ या तफावतीत होते.

१ मार्च २०२४ पासूनच्या सुधारित योजनेने विकल्प देणाऱ्यास ५० टक्क्यांची हमी दिली. हमी आली, तशी जोखीमही शासनाकडे परतली. ती पेलणाऱ्या करदात्यांत नंदुरबारचा शेतमजूरही आहे. त्याला स्वतःला असे निवृत्तिवेतन नाही. पण बाजारातील खरेदीवर तो कर भरतो, आणि त्याच्या मुलांची आश्रमशाळाही याच तिजोरीवर चालते.