पेकिंग आणि बीजिंग

चीन देशाच्या राजधानीला कोणी पेकिंग म्हणतात, कोणी बीजिंग. ही दोन शहरे नव्हेत. शहर एकच. मग नावे दोन का?

माझ्या हातून एकदा चूक झाली, ती आधी सांगतो. १९८५ च्या सुमारास मी भूगोल शिकवीत होतो. भिंतीवरच्या जुन्या नकाशात पेकिंग छापलेले होते. एका मुलाने पेपरात बीजिंग लिहिले. मी त्याचा मार्क कापला. दुसऱ्या दिवशी पोरगे वर्तमानपत्र घेऊन हजर! त्यात बीजिंगच होते. मार्क परत दिला, पण उलगडा करून देता आला नाही. तो आता करतो.

चिनी भाषेत ‘पेइ’ म्हणजे उत्तर आणि ‘चिंग’ म्हणजे राजधानी. पेइचिंग म्हणजे उत्तरेची राजधानी. दक्षिणेची राजधानी ती नानचिंग. जुन्या नकाशात तिला नानकिंग म्हटले आहे. मिंग घराण्याच्या युंगलो बादशहाने १४०३ साली उत्तरेच्या शहराला हे नाव दिले आणि १४२१ साली ते राजधानी केले. पुढे १९२८ साली चीनची राजधानी नानकिंगला होती. मग उत्तरेच्या शहराच्या नावात ‘राजधानी’ कशाला? म्हणून त्याचे नाव बदलून पेइपिंग केले, म्हणजे उत्तरेची शांतता. १९४९ साली राजधानी परत आली, तसे जुने नावही परत आले.

आता पेकिंगमधला ‘कि’ कोठून आला? पुष्कळांना वाटते, साहेबाने नाव बिघडवले. तसे नाही. चिनी लोकांच्या जुन्या बोलीत तेथे ‘क’च होता. उत्तरेकडे बोलता बोलता ‘कि’चा ‘चि’ झाला. दक्षिणेत कँटनच्या बोलीत ‘क’ आजही टिकून आहे. युरोपचे व्यापारी आणि पाद्री गलबतांनी आले ते दक्षिणेच्या बंदरांत. जुना उच्चार त्यांनी लिहून घेतला, आणि इंग्रजीत तोच पक्का झाला.

१९५८ साली चीन सरकारने चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याचे नवे नियम केले. त्यांना पिनयिन म्हणतात. १९७९ पासून परदेशी भाषांतल्या सरकारी मजकुरातही ते लागू झाले. तेव्हापासून इंग्रजीत बीजिंग आले. म्हणजे शहराचे नाव बदलले नाही, बदलले ते इंग्रजी स्पेलिंग. आपण मराठीत मुंबईच म्हणत होतो, इंग्रजीत बॉम्बेचे मुंबई झाले ते १९९५ साली, तसेच हे.

यात एक गंमत आहे. पिनयिनमध्ये ‘पी’ हे अक्षर ‘प’मध्ये ‘ह’ मिसळल्यासारख्या आवाजासाठी राखले आहे. म्हणून साध्या ‘प’ला ‘बी’ हे अक्षर दिले. त्याचप्रमाणे साध्या ‘च’ला ‘जे’. आपण ते इंग्रजी म्हणून वाचतो आणि बीजिंग म्हणतो. खरा उच्चार पेइचिंगच्या जवळ. तो आपल्या लिपीत सरळ लिहिता येतो!

जुने नाव मात्र अजून पुसलेले नाही. तेथले मोठे विद्यापीठ इंग्रजीत स्वतःला पेकिंग विद्यापीठच म्हणवते. तेथल्या जुन्या विमानतळाला जाणाऱ्या सामानाच्या चिठ्ठीवर आजही पी-ई-के हीच अक्षरे असतात.