स्वनिर्मित राउटर

स्वनिर्मित राउटर म्हणजे सर्वसाधारण संगणकाचे भाग जोडून किंवा छोटा तयार संगणक घेऊन, त्यावर मुक्तस्रोत आज्ञावली बसवून तयार केलेला राउटर होय. घरातील नेटवर्क इंटरनेटला जोडणे, एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक उपकरणे चालवणे म्हणजेच नॅट, आणि बाहेरून येणारी अनाहूत वाहतूक अडवणे ही त्याची मुख्य कामे असतात. बाजारात मिळणारा तयार राउटर हाही एक लहान संगणकच असतो. मात्र त्याची आज्ञावली अद्ययावत ठेवणे निर्मात्याच्या हाती असते आणि निर्मात्याने अद्यतने थांबवली की त्यातील सुरक्षेच्या त्रुटी तशाच राहतात. मे २०१८मध्ये उघडकीस आलेल्या व्हीपीएनफिल्टर या घातक आज्ञावलीने पन्नासहून अधिक देशांतील किमान ५ लाख उपकरणे बाधित केली होती. त्यांत बहुसंख्य घरगुती व छोट्या कार्यालयांतील राउटर होते.

पार्श्वभूमी

लिंकसिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर डिसेंबर २००२मध्ये बाजारात आला. त्याच्या आज्ञावलीत लिनक्स वापरले असल्याचे २००३मध्ये लक्षात आले आणि परवान्याच्या अटीनुसार कंपनीला मूळ संहिता खुली करावी लागली. त्या संहितेच्या आधारे २००४मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प सुरू झाला. दुसरी परंपरा फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमची. एमझिरोएनवॉल या प्रकल्पातून २००४मध्ये पीएफसेन्स निघाला आणि त्यापासून २०१५मध्ये ओपीएनसेन्स वेगळा झाला. आज घरी राउटर बांधणारे बहुतेक जण या तिन्हींपैकी एखादी आज्ञावली निवडतात. ही निवड यंत्रसामग्री खरेदी करण्यापूर्वी झालेली बरी, कारण एकाच यंत्राचा वेग लिनक्स आणि फ्रीबीएसडीवर वेगवेगळा पडू शकतो.

वेग आणि पॅकेटांची संख्या

राउटरच्या खोक्यावर गिगाबिटचा आकडा छापलेला असला, तरी राउटरला श्रम पडतात ते प्रामुख्याने पॅकेटांच्या संख्येमुळे. पॅकेट मोठे असो वा लहान, त्याचा पत्ता पाहणे, नॅटच्या तक्त्यात नोंद शोधणे व मथळा बदलणे ही कामे तेवढीच असतात. एक गिगाबिटच्या तारेवरून १,५०० बाइटची पूर्ण भरलेली पॅकेटे गेली, तर सेकंदाला सुमारे ८१ हजार पॅकेटे होतात. हीच तार सर्वात लहान, म्हणजे ६४ बाइटच्या फ्रेमनी भरली, तर संख्या सुमारे १४ लाख ८८ हजारांवर जाते. एक गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या प्रोसेसरच्या एका गाभ्याला पहिल्या स्थितीत प्रत्येक पॅकेटमागे सुमारे १२ हजार आवर्तने मिळतात, तर दुसऱ्या स्थितीत केवळ ६७२.

घरातील वाहतूक या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असते. मोठी फाइल उतरवताना वेग चाचणीत पूर्ण आकडा दिसतो आणि खेळ, ध्वनिसंभाषण किंवा टॉरंट सुरू होताच तेच यंत्र धापा टाकू लागते. वेग चाचणीवरून राउटरची पारख करणे त्यामुळे अपुरे ठरते.

प्रोसेसर

केवळ नॅट व अग्निभिंत चालवायची असेल, तर गेल्या काही वर्षांतील जवळजवळ कोणताही एक्स८६ प्रोसेसर एका गिगाबिटसाठी पुरेसा असतो. खर्च वाढतो तो पुढील तीन कामांमुळे.

पहिले काम पीपीपीओईचे. भारतातील अनेक फायबर सेवादाते ग्राहकाला याच पद्धतीने जोडतात. आधुनिक नेटवर्क कार्ड येणारी पॅकेटे पत्ता व पोर्ट पाहून प्रोसेसरच्या निरनिराळ्या गाभ्यांत वाटून देते. पीपीपीओईमध्ये हे तपशील आणखी एका मथळ्याच्या आत दडलेले असल्याने अनेक कार्डांना ते वाचता येत नाहीत. परिणामी सर्व पॅकेटे एकाच रांगेत, म्हणजे एकाच गाभ्याकडे जातात आणि उरलेले गाभे रिकामे बसतात. फ्रीबीएसडीवर ही अडचण विशेष जाणवते. अशा जोडणीसाठी आठ मंद गाभ्यांपेक्षा चार वेगवान गाभे अधिक उपयोगी ठरतात. स्वित्झर्लंडच्या पीसी इंजिन्स कंपनीचा एपीयू२ हा बोर्ड याचे बोलके उदाहरण आहे. त्याच्या एक गिगाहर्ट्झच्या चार गाभ्यांवर लिनक्स गिगाबिटचा वेग गाठत असे, तर पीएफसेन्सच्या मूळ मांडणीत एकट्या जोडणीला तो वेग मिळत नसे.

दुसरे काम रांगेच्या व्यवस्थापनाचे. कोणी मोठी फाइल चढवू लागले की घरातील इतरांचे बोलणे अडखळते, कारण पॅकेटे लांब रांगेत खोळंबतात. यावर उपाय म्हणून २०१२मध्ये कोडेल ही पद्धत मांडली गेली, तर केक ही पद्धत २०१८मध्ये लिनक्स ४.१९मध्ये समाविष्ट झाली. मात्र या पद्धतींत प्रत्येक पॅकेट प्रोसेसरच्या हातून जावे लागते. स्वस्त तयार राउटर ज्या विशेष चिपच्या बळावर गिगाबिट गाठतात, तिला बगल द्यावी लागते आणि त्यांचा वेग एकदम कोसळतो. घरात राउटर बांधण्यामागचे सर्वात सबळ कारण बहुधा हेच असावे.

तिसरे काम व्हीपीएनचे. ओपनव्हीपीएन व आयपीसेकमध्ये सहसा एईएस सांकेतीकरण वापरतात, त्यामुळे प्रोसेसरमध्ये एईएसच्या खास सूचना असणे आवश्यक आहे. वायरगार्ड चाचा२० वापरत असल्याने त्याला या सूचनांचा लाभ होत नाही, तरीही ते पुरेसे जलद चालते.

२०२३च्या आरंभी आलेला इंटेल एन१०० हा चार गाभ्यांचा, ६ वॅट श्रेणीचा प्रोसेसर अशा छोट्या संगणकांत फार लोकप्रिय झाला आहे. त्यात एईएस सूचना आहेत आणि २.५ गिगाबिटपर्यंतच्या घरगुती जोडणीला तो सहसा पुरतो.

नेटवर्क कार्ड आणि जोडण्या

राउटरला किमान दोन नेटवर्क पोर्ट लागतात. रास्पबेरी पाय ३बी प्लसमध्ये गिगाबिट पोर्ट यूएसबी २.० मार्गे जोडलेला असल्याने प्रत्यक्ष वेग ३०० मेगाबिटच्या आसपास अडतो. पाय ४मध्ये हा दोष नाही, पण पोर्ट एकच आहे. दुसरा पोर्ट यूएसबीवर किंवा व्हीलॅन जाणणारा स्विच लावून मिळवावा लागतो.

इंटेलच्या आय२१० व आय३५० या गिगाबिट चिप दोन्ही ऑपरेटिंग सिस्टिमवर भरवशाच्या आहेत. आय३५० कार्डांच्या नकलाही विकल्या जातात, म्हणून फारच स्वस्त मिळणाऱ्या कार्डाबाबत सावध राहावे. २.५ गिगाबिटच्या आय२२५ चिपच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत दोन फ्रेममधील अंतर सांभाळण्यात दोष होता. त्यामुळे काही स्विचांशी जोडल्यावर पॅकेटे गहाळ होत. नंतरच्या बी३ आवृत्तीत हा दोष दूर करण्यात आला आणि पुढे आय२२६ ही चिप आली. जुने यंत्र घेताना ही आवृत्ती तपासणे अगत्याचे आहे. रिअलटेकच्या २.५ गिगाबिट चिप लिनक्सवर ठीक चालतात, मात्र फ्रीबीएसडीवर बऱ्याचदा वेगळा ड्रायव्हर बसवावा लागतो.

दहा गिगाबिटसाठी पीसीआय एक्सप्रेस मार्गिकांचाही हिशेब करावा लागतो. तिसऱ्या पिढीची एक मार्गिका सेकंदाला सुमारे ९८५ मेगाबाइट, म्हणजे आठ गिगाबिटपेक्षा थोडे कमी वाहून नेते. दोन पोर्टांच्या कार्डाला चार मार्गिका हव्यात. तांब्याच्या तारेवरील दहा गिगाबिटचे एसएफपी प्लस मॉड्यूल चांगलेच तापते आणि पंखा नसलेल्या छोट्या पेटीत ते त्रासदायक ठरते. जवळच्या अंतरासाठी थेट तांब्याची डीएसी केबल किंवा फायबर श्रेयस्कर.

वीज, स्मृती व इतर

राउटर वर्षभर अखंड चालतो. सतत १० वॅट घेणारे यंत्र वर्षाला सुमारे ८८ युनिट वीज खाते, तर ६० वॅट घेणारा जुना डेस्कटॉप सुमारे ५२६ युनिट. अडगळीतला संगणक फुकट असला, तरी काही वर्षांत तो महाग पडतो. अनेक छोटे संगणक १२ व्होल्ट एकदिश प्रवाहावर चालतात. पुरेशा क्षमतेच्या लहान १२ व्होल्टच्या यूपीएसवर असे यंत्र आणि सेवादात्याचे फायबर उपकरण दोन्ही चालू ठेवता येतात. वीज वरचेवर जाणाऱ्या गावांत ही मोठीच सोय आहे.

स्मृती ४ गिगाबाइट बहुधा पुरते. घुसखोरी ओळखणारी सुरिकाटासारखी आज्ञावली चालवायची असल्यास ८ गिगाबाइट घ्यावी. सतत नोंदी लिहिल्याने एसडी कार्ड लवकर झिजते, म्हणून लहान एसएसडी बरी.

वायफायची जबाबदारी मात्र या यंत्रावर टाकू नये. फ्रीबीएसडीतील वायफाय ड्रायव्हर तुलनेने मागे आहेत, शिवाय राउटर जिथे तार येते तिथे राहतो आणि वायफाय घराच्या मध्यभागी लागते. स्वतंत्र ॲक्सेस पॉइंट तारेने जोडणे हा रूढ मार्ग आहे. सेवादात्याचे फायबर उपकरण स्वतःही राउटरचे काम करत असेल, तर ते ब्रिज मोडमध्ये ठेवून घ्यावे लागते. अन्यथा दोनदा नॅट होऊन बाहेरून घरातील सेवांपर्यंत पोहोचणे अवघड होते. सर्वच सेवादाते तशी मुभा देत नाहीत, त्यामुळे यंत्र विकत घेण्याआधी ही चौकशी करणे योग्य.