मोठ्यांनाही लागतं

ऑनलाइन छळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शाळा-कॉलेजातली मुलं येतात. त्यांच्यासाठी शाळांत व्याख्यानं होतात, पालकांना सूचना दिल्या जातात, आणि ते व्हायलाच हवं. पण चाळिशीतल्या शिक्षिकेला, सोसायटीच्या सेक्रेटरीला किंवा नुकत्याच नोकरीला लागलेल्या इंजिनिअरला हेच भोगावं लागलं, तर त्यांच्या वाट्याला एकच सल्ला येतो: तुम्ही मोठे आहात, मनावर घेऊ नका. हा सल्ला चुकीच्या माहितीवर उभा आहे आणि त्याने माणसं एकटी पडतात, म्हणून हा लेख.

पहिला गैरसमज प्रमाणाचा. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने 2020 मध्ये प्रौढांची पाहणी केली, तेव्हा 41 टक्के लोकांनी कधी ना कधी ऑनलाइन छळ सोसल्याचं सांगितलं. तिशीच्या आतल्यांमध्ये हा आकडा 64 टक्के होता. फक्त बायकांनाच त्रास होतो, हेही खरं नाही. त्या पाहणीत 43 टक्के पुरुषांनी आणि 38 टक्के स्त्रियांनी छळ सोसल्याचं सांगितलं. लैंगिक स्वरूपाच्या छळाचं चित्र मात्र उलटं: स्त्रिया 16 टक्के, पुरुष 5 टक्के. आपल्याकडे 2019 च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने 95 महिला राजकारण्यांचा उल्लेख असलेली ट्वीट्स तपासली. त्यांतलं साधारण दर सातवं ट्वीट अपमानास्पद किंवा आक्षेपार्ह निघालं.

"समोर कोणी उभं नाही, अंगाला हात लावलेला नाही, मग एवढं लागतं कसं?" हा प्रश्न पुष्कळ लोक प्रामाणिकपणे विचारतात. त्याचं उत्तर मानसशास्त्रज्ञ किपलिंग विल्यम्स यांच्या एका साध्या प्रयोगात सापडतं. पडद्यावर तीन खेळाडू एकमेकांकडे चेंडू टाकतात. त्यांतले एक तुम्ही. थोड्या वेळाने बाकीचे दोघं तुमच्याकडे चेंडू टाकणं बंद करतात. एवढंच. काही मिनिटांत माणसाचा मूड उतरतो, आपण कोणीतरी आहोत ही भावना खाली जाते. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तर सहभागी लोकांना आधीच सांगितलं होतं की समोर माणसं नाहीत, संगणक खेळतोय. तरीही त्यांना वाईट वाटलं. वाळीत पडण्याची भीती आपल्यात इतकी खोल आहे की ती पडदा आणि माणूस यांत फरक करत बसत नाही.

खेळातल्या चेंडूने हे होत असेल, तर खऱ्या नावानिशी आणि ओळखीच्या लोकांसमोर झालेल्या अपमानाने काय होत असेल? समजा, सोसायटीच्या ग्रुपवर मेंटेनन्सच्या हिशोबावरून कोणी शंका काढली. शंका काढणं हा सभासदाचा हक्क आहे. पण त्याचं रूपांतर रोज रात्री "किती खाल्ले?" असं विचारण्यात, सेक्रेटरीच्या बायको-मुलांवर शेरे मारण्यात आणि त्याचा फोटो बिघडवून फिरवण्यात झालं, तर तो माणूस लिफ्टमध्ये भेटणाऱ्या प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे बघू लागतो: यानेही वाचलं असेल का? भांडण चौकात झालं असतं तर घरी आल्यावर दार लावता आलं असतं. इथे ते खिशात असतं, उशाशी असतं, आणि स्क्रीनशॉट होऊन कुठवर गेलं याचा पत्ता नसतो. त्यामुळे मन सतत पुढच्या वाराची वाट बघतं. मेसेज वाजला की छातीत धस्स होतं. झोप तुटते, कामात लक्ष लागत नाही, चिडचिड घरच्यांवर निघते, माणूस लग्नकार्यं टाळू लागतो. हे आठवडेच्या आठवडे चाललं की चिंताविकार आणि नैराश्य दूर राहत नाहीत. धमक्या किंवा खाजगी चित्रांचा प्रकार असेल, तर आघातानंतर दिसणारी लक्षणंही दिसतात: तोच प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणं, भयस्वप्नं पडणं, दचकून उठणं.

"ब्लॉक करा आणि विसरा." ब्लॉक जरूर करावं. पण ब्लॉक केल्यावर मजकूर फक्त आपल्याला दिसेनासा होतो, बाकीच्यांना दिसतच राहतो. जानेवारी 2022 मध्ये उघड झालेल्या 'बुल्ली बाई' प्रकरणात मुस्लिम महिलांचे फोटो त्यांच्या नकळत उचलून एका अ‍ॅपवर 'लिलावा'ला लावले गेले होते. मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने गुन्हा नोंदवून संशयितांना अटक केली. त्या महिलांमध्ये पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या. त्यांनी कोणाला ब्लॉक करायला हवं होतं?

दुर्लक्षाच्या सल्ल्यापेक्षाही जास्त दुखापत करते ती बघणाऱ्यांची शांतता. ब्रिटनमधल्या तीन विद्यापीठांतल्या कर्मचाऱ्यांचा एक अभ्यास 2012 मध्ये समोर आला. त्यांतल्या 14 ते 20 टक्के लोकांना ऑनलाइन त्रास आठवड्यातून किमान एकदा होत होता. प्रत्यक्षातली दादागिरी पाहणाऱ्यांच्या मनावर जसा परिणाम होतो, तसा ऑनलाइन दादागिरी पाहणाऱ्यांवर झालेला दिसला नाही, हे त्यांतलं मला सर्वांत अस्वस्थ करणारं निरीक्षण. समोरचा रडतोय हे दिसलंच नाही, तर कळवळा येणार कुठून? म्हणून दोनशे जणांच्या ग्रुपमध्ये एकही जण "आता पुरे" म्हणत नाही, आणि ज्याच्यावर चाललंय त्याला वाटतं की दोनशेही जण त्याच मताचे आहेत. सदस्याच्या मजकुरासाठी अ‍ॅडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये दिला आणि तो योग्यच आहे. पण मेसेज काढून टाकणं आणि त्रास देणाऱ्याला थांबवणं अ‍ॅडमिनच्या हातात असतं. ते त्याने करावं.

"हे सगळं खोट्या नावाच्या टोळक्यांचं काम." काही अंशी खरं. पण दक्षिण कोरियाने 2007 पासून मोठ्या संकेतस्थळांवर खरी ओळख सक्तीची केली, आणि त्याचा पुरेसा उपयोग दिसत नाही, शिवाय अभिव्यक्तीवर गदा येते, म्हणून तिथल्या घटनात्मक न्यायालयाने 2012 मध्ये तो नियम रद्द केला. एका जर्मन याचिका-संकेतस्थळावरच्या पाच लाखांहून अधिक प्रतिक्रिया तपासणाऱ्या अभ्यासात खऱ्या नावाने लिहिणारेच जास्त आक्रमक आढळले. आपण न्यायाच्या बाजूने आहोत अशी खात्री असली की नाव लपवायची गरज वाटत नाही.

कायद्याबद्दलही घोळ आहे. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम 66अ रद्द केलं, म्हणून आता काहीच करता येत नाही असं अनेकांना वाटतं. पण धमकी, बदनामी, स्त्रीचा ऑनलाइन पाठलाग हे भारतीय न्याय संहितेत गुन्हे आहेत. दुसऱ्याच्या नावाने खातं उघडून फसवणं आणि खाजगी चित्रं पसरवणं यांवर माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलमं आहेत. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात करता येते. रागाच्या भरात मेसेज पुसू नका. तारीख, वेळ आणि लिंक दिसेल असे स्क्रीनशॉट काढा आणि मूळ फोन जपा, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्याला न्यायालयात प्रमाणपत्र जोडावं लागतं.

राहिला सर्वांत क्रूर गैरसमज: मन कमकुवत असेल त्यालाच लागतं. जपानची हाना किमुरा व्यावसायिक कुस्तीगीर होती. एका रिअ‍ॅलिटी शोनंतर तिच्यावर ऑनलाइन शिव्यांचा भडिमार झाला. मे 2020 मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तिने आयुष्य संपवलं. आत्महत्येला कधीच एक कारण नसतं. पण तिला अपमानकारक मजकूर पाठवणाऱ्या एकाला 9 हजार येन एवढाच दंड झाला, तिच्या आईने आवाज उठवला, आणि 2022 मध्ये जपानने अशा अपमानाची शिक्षा एक वर्षाच्या कैदेपर्यंत वाढवली. आधीपासून नैराश्य असलेल्याला छळ जास्त लागतो आणि छळाने नैराश्य वाढतं, हेही तितकंच खरं. त्यात त्या माणसाचा दोष शोधू नये.

जवळच्या कोणावर हे चाललं असेल तर "फोन बघूच नकोस" असं सांगण्याऐवजी फोन काही दिवस तुम्ही सांभाळा, पुरावे तुम्ही काढा, पोलीस ठाण्यात सोबत जा. झोप, भूक आणि काम दोन आठवड्यांहून जास्त विस्कटलं असेल तर डॉक्टरांना दाखवा. जगणं नको वाटतं असं ते बोलले, तर थांबू नका. त्यांना एकटं न सोडता त्याच दिवशी मदत मिळवा. टेली-मानसचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मोफत आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.