भित्तिपत्रकाचा सेन्सॉर कोण?

ख्वाजा अहमद अब्बास हे नाव सिनेमामुळे सर्वांना ठाऊक आहे. जुहूला राहणारा हा पत्रकार-दिग्दर्शक सेन्सॉरविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, हेही काहींना आठवत असेल. पण अलीगढला शिकत असतानाच त्यांनी 'अलीगढ ओपिनियन' हे विद्यार्थ्यांचे साप्ताहिक काढले होते, हे फारसे कुणी सांगत नाही.

1970 साली अब्बास खटला हरले. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांचे म्हणणे असे की, चित्रपटाचा मनावर होणारा परिणाम इतर माध्यमांपेक्षा अधिक असतो, म्हणून तो आधी तपासणे घटनाबाह्य नाही. म्हणजे चित्रपटासाठीसुद्धा न्यायालयाला खास कारण द्यावे लागले! मग जुहूपासून मुलुंडपर्यंतच्या शाळा-कॉलेजांत भित्तिपत्रकाचा कागद टाचणी लागण्याआधी सरांच्या टेबलावर कोणत्या कारणाने जातो?

शुद्धलेखन तपासायला, असे उत्तर मिळते. ऱ्हस्व-दीर्घ जरूर सुधारा. पाऊस, माझी आई, सहलीची मजा हे सगळे तपासून फळ्यावर येते. त्याच वर्गातल्या मुलीने 'मला स्कॉलरशिपवाली का म्हणतात?' असे लिहिले, तर मात्र कागद टेबलावरच राहतो. म्हणे वातावरण बिघडेल. हाक मारल्याने ते बिघडत नाही, लिहिल्याने बिघडते!

वाचकहो, हा अनुभव आपल्याला नवा नाही. 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' निघाले तेव्हा बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. सरकारी नोकरीमुळे संपादक म्हणून नाव लागले ते पांडुरंग नंदराम भटकर यांचे. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. आणि 'केसरी'ने? पैसे मोजून दिलेली जाहिरातसुद्धा छापली नाही. सेन्सॉरला दरवेळी कात्री लागत नाही, जागा नाही म्हटले की भागते. कॉलेजच्या वार्षिक अंकातून 'जागेअभावी' ज्यांची कविता गळाली, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

2015 मध्ये मद्रास आयआयटीत काय झाले? आंबेडकर-पेरियार स्टडी सर्कलच्या विद्यार्थ्यांनी बाबासाहेबांचे विचार मांडणारे आणि केंद्र सरकारच्या धोरणांवर टीका करणारे पत्रक वाटले. एक निनावी तक्रार दिल्लीला गेली, मंत्रालयाचे पत्र आले आणि मे महिन्यात मंडळाची मान्यता काढली. तक्रारदाराला नाव लागले नाही, पण लिहिणाऱ्यांना मात्र शिक्षा झाली. देशभर निषेध झाला तेव्हा जूनमध्ये मान्यता परत द्यावी लागली.

अमेरिकेतही मुख्याध्यापकाने 1983 मध्ये शाळेच्या वृत्तपत्राची पाने काढून टाकली आणि 1988 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचीच बाजू घेतली. त्यानंतर तिथल्या अनेक राज्यांनी विद्यार्थी-पत्रकारांच्या संरक्षणाचे कायदे केले. आपल्याकडे काय आहे? संविधानाचे अनुच्छेद 19 आहे. ते 'सर्व नागरिकांना' म्हणते, वयाची अट घालत नाही. 1985 मध्ये केरळातील तीन मुलांना राष्ट्रगीत न म्हटल्याबद्दल शाळेतून काढले, तेव्हा 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. मुलांचा हक्क खात्याच्या परिपत्रकाने काढता येत नाही, कायदा लागतो, असे न्यायालयाने सांगितले. मूलभूत हक्क सरकारविरुद्ध असतात, आम्ही खासगी आहोत, असे संस्थाचालक म्हणतील. अनुदानाचा चेक घेताना मात्र हा खासगीपणा आठवत नाही!

आपल्या कार्यकर्त्या शिक्षकांनी आणि पालकांनी एवढे करावे. मुलाचा कागद नाकारला, तर कारण लेखी मागावे. कागद देण्याआधी त्याची झेरॉक्स घरी ठेवावी. आणि नाकारलेला तो कागद, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांसकट, वस्तीतल्या विहाराच्या फळ्यावर लावावा. खाली मुलीचे नाव, इयत्ता आणि तारीख ठळक लिहावी.