पटावर मुलाने काय करायचे?

तुमसर तालुक्यातले, सातपुड्याच्या रांगेतले आंबागड ओळखले जाते ते किल्ल्यामुळे. 1700च्या सुमारास, देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या राजवटीत तो उभा राहिला. अशा गावातल्या आईवडिलांना चार-पाच वर्षांच्या लेकरासाठी पटावरचा खेळ घ्यायचा झाला, तर बहुधा तुमसरचा बाजार गाठावा लागतो. तिथे सापशिडी, लुडो, व्यापार अशी खोकी रचलेली असतात आणि निवड होते ती खोक्यावरचे वय, चित्र आणि किंमत पाहून. माझ्या मते या तीनही गोष्टी दुय्यम आहेत. विचारायला हवे ते एवढेच: आपली पाळी आली की या खेळात मुलाला स्वतः काय मोजावे लागते, काय बोलावे लागते आणि काय ठरवावे लागते? ही कसोटी लावली की महागडे खोके मागे पडू शकते आणि अंगणात खडूने आखलेला पट पुढे येऊ शकतो.

या म्हणण्याला आधार आहे. रॉबर्ट सीगलर आणि गीता रमानी या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या गरीब घरांतल्या, शाळेत जाण्याआधीच्या वयाच्या मुलांवर केलेला प्रयोग 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना एक ते दहा आकडे ओळीने लिहिलेला सरळ पट दिला. इतरांना तसाच, पण आकड्यांऐवजी रंगांचा. दोन आठवड्यांत पंधरा-वीस मिनिटांच्या चारच बैठका झाल्या. आकड्यांच्या पटावर खेळलेल्या मुलांची मोजणी, आकडे ओळखणे आणि लहानमोठी संख्या सांगणे सुधारले, आणि नऊ आठवड्यांनंतरही ती सुधारणा टिकून होती. रंगांच्या पटाने तसे काही घडले नाही. पुढे त्यांनी गोल पटही तपासला. तो सरळ ओळीइतका उपयोगी ठरला नाही. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो एलिडा लास्की आणि सीगलर यांचा 2014चा निष्कर्ष. शंभरपर्यंतच्या एकाच पटावर काही मुले दर वेळी ‘एक, दोन’ म्हणत सोंगटी सरकवत होती, तर काही घरावरचा आकडा वाचत पुढे जात होती. फायदा प्रामुख्याने दुसऱ्या गटाला झाला. पट तोच, सोंगटी तीच. फरक पडला तो तोंडून निघणाऱ्या आकड्यांनी.

मराठी मुलांच्या बाबतीत तर याचे महत्त्व अधिकच आहे. आपली संख्यानामे अवघड आहेत, म्हणूनच 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी जोड वाचनपद्धत आली आणि राज्यभर वाद पेटला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी मुलांची अडचण दाखवून त्या बदलाची बाजू मांडली होती. वादात कोणाचीही बाजू घ्या, अडचण खरी आहे. चौतीसवर उभ्या सोंगटीला तीनचे दान पडले की मुलाने ‘पस्तीस, छत्तीस, सदतीस’ म्हणत बोट सरकवावे. घोकंपट्टी न करता ही नावे जिभेवर बसवण्याचा याहून सोपा मार्ग मला दिसत नाही. घरात मोठी भावंडे खेळवत असतील तर त्यांना हे मुद्दाम सांगावे लागते, कारण सवयीने तीही एकपासूनच मोजतात. सापशिडीच्या बहुतेक पटांत एक रांग डावीकडून आणि पुढची उजवीकडून चालते, त्यामुळे लहान मूल गोंधळते. म्हणून आधी खडूने एक ते दहाची सरळ रांग आखावी आणि ती पचली की सापशिडी काढावी.

कोणी म्हणेल, हे सगळे मोबाइलवरच्या लुडोत फुकट मिळते. मिळत नाही. तिथे फासा यंत्र टाकते, घरे यंत्र मोजते, चुकीची चाल यंत्रच अडवते. मुलाकडे उरते बोट टेकवणे. म्हणजे नेमके जे काम मुलाने करायचे, तेच काढून घेतले जाते. रोवणीच्या दिवसांत आईबाप सकाळपासून बांधीत असतात, त्यांना सवड कुठून, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. पण वरच्या प्रयोगातला वेळ पाहा, एका बैठकीला पंधरा-वीस मिनिटे. आजी किंवा बहीण तेवढा वेळ सहज देऊ शकते. कवड्या-सोंगट्या म्हणजे जुगार, ही धास्तीही जुन्या घरांतून ऐकू येते. पण जुगार पणामुळे होतो. सापशिडीचा पूर्वज मोक्षपट, ज्याचे श्रेय परंपरा ज्ञानेश्वरांना देते, तो तर सद्गुण-दुर्गुण शिकवण्यासाठीच खेळला जाई.

पाच-सहा वर्षांनंतर नुसत्या दैवाचे खेळ अपुरे पडतात, कारण सापशिडीत मूल काहीच ठरवत नाही. इथे अष्टा चंगा कामाला येतो. चिंचोके फोडून चार फाका घ्याव्यात, एक बाजू पांढरी, दुसरी तपकिरी. जितक्या पांढऱ्या तितकी घरे. चारही तपकिरी पडल्या तर आठ. चार किंवा आठ पडले की पुन्हा दान. पंचवीस घरांच्या पटावर बाहेरच्या सोळा घरांची फेरी, मग आतली आठ, शेवटी मधले घर. एकतरी सोंगटी मारल्याशिवाय आत जायचे नाही, असा नियम पुष्कळ ठिकाणी आहे. पट गोल फिरतो, आकडे नसतात, त्यामुळे संख्यारेषेसाठी तो निरुपयोगी. पण चार सोंगट्यांपैकी कोणती हलवायची, फुल्लीच्या सुरक्षित घरात थांबायचे की समोरच्याला मारायचे, हे मुलाला दर दानाला ठरवावे लागते. शिवाय दोनचे दान पुन्हापुन्हा पडते आणि आठ क्वचित, हे फाशाने न कळणारे गणित त्याला हातांनी कळते. तीन वर्षांखालचे भावंड जवळ असेल तर मात्र चिंचोके आणि कवड्या नकोत, ते घशात अडकतात. मोठी बुचे वापरावीत.

हरल्यावर मूल रडते म्हणून मोठ्यांनी मुद्दाम हरू नये. दैवाच्या खेळात पाच वर्षांचे पोर आजोबांना खरोखर हरवू शकते, आणि तो विजय खोटा नसतो हे त्यालाही कळते. वाघबकरी या बिनफाशाच्या, डावपेचांच्या खेळात तशी सोय नाही, तिथे जाणता माणूसच जिंकत राहील. म्हणून सातेक वर्षांच्या दोन मुलांना तो आधी आपसांत खेळू द्यावा, एकदा वाघ घेऊन आणि एकदा बकऱ्या.